शेरखान कुणाच्या आवाजात बोलतो?

वैनगंगा उगम पावते सिवनी जिल्ह्यात, मुंडारा गावाजवळ. बालाघाट, भंडारा, पवनी करत ती आमच्याकडे येते आणि चंद्रपूर-गडचिरोली या दोन जिल्ह्यांमधली शीव होते. अलीकडे ब्रह्मपुरी, पलीकडे वडसा. पुढे मार्कंड्याला ती अचानक उत्तरेकडे तोंड फिरवते, जुन्या दगडी देवळांना हजेरी लावते, पुन्हा दक्षिणेची वाट धरते आणि चपराळ्याजवळ वर्धेला मिळून प्राणहिता होते. उन्हाळ्यात पात्रात पाण्याहून वाळूच जास्त. त्या वाळूत ढिवरांच्या टरबूज-डांगरांच्या वाड्या, रात्री राखणीला बसलेल्यांच्या शेकोट्या. या नदीत काही साहित्यिक आहे असं आम्हा पोरांना कधी वाटलं नाही. पण जगभरच्या मुलांनी ज्या नदीचं नाव वाचलं, जिच्या काठी मोगली वाढला, ती हीच.

किपलिंग १८६५ साली मुंबईत जन्मला, पण सिवनीच्या जंगलात त्यानं पाऊल टाकल्याचा दाखला नाही. १८९४ सालचं ‘जंगल बुक’ त्यानं लिहिलं अमेरिकेतल्या व्हर्मांटमध्ये, बर्फाच्या मुलखात. जंगलाची माहिती दुसऱ्यांच्या पुस्तकांतून घेतलेली. त्यात स्टर्नडेल नावाच्या साहेबाचं सिवनीवरचं १८७७ सालचं पुस्तकही होतं. म्हणजे ज्या पुस्तकावर पुढे इतके सिनेमे निघाले, ते पुस्तकही एका अर्थी ऐकीव जंगलाचंच रूपांतर. (तसं म्हटलं तर ती कादंबरीही नव्हे, कथांची माळ आहे. पण तिच्यावर प्रेम करणाऱ्यांनी ती नेहमी कादंबरीसारखीच वाचली.)

१८९५ साली आलेल्या दुसऱ्या भागात रानकुत्र्यांची गोष्ट आहे. दख्खनेतून लाल कुत्र्यांची टोळधाड सिवनीकडे चालून येते आणि वाटेतलं सगळं फस्त करत जाते. दख्खनेतून सिवनीला जायचं तर बहुधा आमच्याच मुलखातून जावं लागणार, या विचारानं मला अजूनही बरं वाटतं. ताडोबात रानकुत्री आजही दिसतात. दहा-पंधरांचा कळप, शिट्टीसारखा आवाज करत सांबरामागे लागलेला. मोगली त्या टोळीला चिडवून कड्यापर्यंत पळवत आणतो. कड्यावर मधमाश्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची पोळी. तो दगड लाथाडतो, माश्या उठवतो आणि स्वतः वैनगंगेत उडी घेतो. मागून येणाऱ्या कुत्र्यांवर माश्या तुटून पडतात.

आमच्या वैनगंगेला असे कडे नाहीत. वाचताना मी ते आमच्या नदीवरच्या पुलाच्या कमानींतून उभे केले, कारण आग्या मोहोळ लटकलेलं मी तिथे पाहिलं होतं. वाचकाची ही सोय असते. लेखक ‘कडा’ म्हणतो, आपण आपला पूल बसवतो. लेखक ‘माश्या घोंगावल्या’ म्हणतो, तेव्हा तो आवाज आपल्याच कानातला असतो. पुस्तकाला कितीतरी गोष्टी न सांगता राहता येतं. शेरखान बोलतो, पण कसल्या आवाजात? किपलिंगला ते सांगावं लागलं नाही. मी वाचला तेव्हा तो कुठल्याच आवाजात बोलत नव्हता, तरीही ऐकू येत होता.

सिनेमाला ही मुभा नाही. तिथे शेरखानानं तोंड उघडलं की कुणाचा तरी आवाज बाहेर यावाच लागतो. मोगलीला नाक लागतं, कड्याला रंग लागतो, जंगलाला एक ठरावीक झाड लागतं. आवडत्या पुस्तकांवरचे पाहिलेले सिनेमे एकेक आठवून पाहिले की मला वाटतं, मनात राहिलेल्या सिनेमांत हीच गोष्ट समान आहे. पुस्तकानं जे झाकून ठेवलं होतं ते उघडं करण्याची सक्ती त्यांच्यावरही होती. त्यांनी ती उरकली नाही, तिच्यावर डाव लावला. बाकीचे प्रसंगामागून प्रसंग प्रामाणिकपणे मांडत जातात आणि आपण घरी येईपर्यंत विरून जातात.

१९९३ साली दूरदर्शनवर रविवारी सकाळी ‘जंगल बुक’ लागायचं. जपानी मालिका, हिंदीत उतरवलेली. गाणं गुलजारांचं, चाल विशाल भारद्वाजांची. अँटेना फिरवायला एक पोरगा छपरावर असायचा आणि तो बिचारा अर्धा भाग ओरडून विचारण्यातच घालवायचा. शेरखानाला आवाज होता नाना पाटेकरांचा. आता, आमच्या बाजूला वाघ ही चित्रातली गोष्ट नाही. मोहफुलं वेचायला, तेंदूपत्ता तोडायला गेलेलं माणूस परत न आल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात येतात. आणि वाघाबद्दलची सगळ्यात भीतीदायक गोष्ट अशी, की तो येताना आवाज करत नाही. वानर खाकरतं, चितळ ओरडतं, त्यावरून कळतं. वाघ स्वतः गप्प. अशा गप्प जनावराला आवाज द्यायचा तर डरकाळ्या फोडून चालणार नव्हतं. नानांनी त्याला एक आळसावलेला, तिरकस, घाई नसलेला आवाज दिला. समोरच्याला संपवायचं तर आहेच, पण जरा थांबून, असा. ज्यांच्या घराण्यात कुणाला तरी वाघानं नेलेलं होतं, अशी मोठी माणसंही तो आवाज लागला की हातातलं काम थांबवायची. २०१६ साली हॉलिवूडचा नवा सिनेमा हिंदीत आला तेव्हा शेरखानासाठी पुन्हा नानांनाच बोलावलं गेलं. तो हिंदीत आणणाऱ्यांना तेवीस वर्षांनीही दुसरा आवाज सुचला नाही. मला तरी यात आश्चर्य वाटलं नाही.

त्या २०१६ च्या सिनेमाबद्दल मात्र माझी एक तक्रार आहे. सगळं जंगल लॉस एंजेलिसच्या स्टुडिओत संगणकावर तयार झालेलं. त्याला माझी हरकत नाही, किपलिंगनं तरी कुठे पाहिलं होतं? हरकत आहे ती हिरव्या रंगाला. पडद्यावरचं जंगल बारा महिने ओलं आणि दाट असतं, वेली लोंबकळतात, धबधबे कोसळतात. इथलं सागाचं जंगल मार्च-एप्रिलमध्ये उघडं पडतं. पानं पायाखाली पापडासारखी मोडतात, पळस पेटलेला असतो, लांबवरचं दिसतं, आणि जनावरं पाणवठ्यावर येतात ती दुसरीकडे पाणीच उरलेलं नसतं म्हणून. त्या सिनेमात दुष्काळ आहे, पाणवठ्यावरचा तह आहे, आणि तरी मागचं रान टवटवीत. रंग निवडायची वेळ आली तेव्हा त्यांनी निवडला नाही, प्रेक्षकाला जो सवयीचा होता तो घेतला.

याउलट डिस्नेचा १९६७ चा सिनेमा. पुस्तकावर त्यानं केलेला अन्याय मोजायला बसलं तर रात्र पुरणार नाही. कायदा शिकवणारा गंभीर गुरुजी बाळू तिथे ऐदी गवई झाला. मोगलीचा जीव वाचवणारा ‘का’ नावाचा अजगर खलनायक झाला. पुस्तकात नसलेला एक वानरराजा आणून बसवला. सांगतात की डिस्नेनं आपल्या लेखकांना आधीच बजावलं होतं, पुस्तक वाचू नका. तरीही तो सिनेमा लोकांच्या मनातून जात नाही. कारण त्यानं एक गोष्ट पक्की ठरवली आणि शेवटपर्यंत सोडली नाही: हे जंगल गाणार. मला तो सिनेमा किपलिंगचा वाटत नाही, पण अर्धवटही वाटत नाही. आणि पुस्तकाशी इमान राखूनही अर्धवट वाटणारे सिनेमे मी पुष्कळ पाहिलेत.

गाणारं जंगल म्हटलं की मला डिस्नेच्या आधी ‘जैत रे जैत’ आठवतो. गो. नी. दांडेकरांची कादंबरी, जब्बार पटेलांचा १९७७ चा सिनेमा. कर्नाळ्याकडचे ठाकर, लिंगोबाचा डोंगर, ढोल वाजवणारा नाग्या आणि नवऱ्याला सोडून त्याच्याकडे येणारी चिंधी. तिथेही कडा आहे आणि कड्यावर मधमाश्या आहेत. पुण्यवंत व्हायला निघालेल्या नाग्याचा एक डोळा माशी फोडते, आणि देवाच्या डोंगरावरच्या राणीमाशीवर सूड घ्यायला तो चढतो. मोगलीनं माश्यांना शत्रूवर सोडलं, नाग्यानं माश्यांनाच शत्रू मानलं. या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून वाचायची खोड मला फार जुनी आहे. आमच्या बाजूचे माडियाही उंच झाडांवरून मध काढतात, धूर करून, अंधार पडल्यावर. मोहोळावर सूड घ्यायचा विचार त्यांच्यातल्या कुणाला सुचेल असं मला वाटत नाही. म्हणूनच नाग्या मला वेडा वाटत आला, आणि म्हणूनच आवडत आला.

माश्या पडद्यावर दाखवणं अवघड. लांबून त्या ठिपके दिसतात, जवळून किडे. त्यांची भीती असते घोंगावण्यात, ती कानाची भीती. १९७७ साली हाताशी संगणक नव्हता, पैसेही बेताचे असणार. पटेलांनी जे केलं ते असं: सगळी गोष्टच कानाकडे वळवली. ना. धों. महानोरांचे शब्द, हृदयनाथ मंगेशकरांचं संगीत, ठाकरांचा ताल. सिनेमा संवादांवर कमी आणि गाण्यांवर जास्त चालतो. गाणी मध्ये येऊन थांबत नाहीत, तीच गोष्ट पुढे नेतात, नाचणारे-गाणारे ठाकरच सूत्रधार होतात. कादंबरीत जे गद्य होतं ते ढोलात गेलं. त्यामुळे शेवटी नाग्या कड्यावर चढतो तेव्हा माश्या किती दिसल्या, किती नाही, याचा हिशेब आपण करत नाही. तासाभरापासून आपल्या कानात काहीतरी घुमतच असतं. मोहन आगाशे आणि विशी ओलांडलेली स्मिता पाटील या दोघांचे चेहरे मी नंतर कादंबरी पुन्हा वाचताना पुसायचा प्रयत्न करून पाहिला. नाग्याचा पुसता येतो, चिंधीचा येत नाही.

पुस्तक आधी वाचलेला प्रेक्षक मोठा कठीण असतो. हे मला सिनेमाच्या थिएटरपेक्षा वडशाकडच्या नाटकांत जास्त कळलं. दिवाळी झाली, धान निघालं की झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो, तो पार होळीपर्यंत. वडशाच्या रस्त्यांवर कंपन्यांची कार्यालयं आणि फलक, गावोगाव मंडई नाहीतर शंकरपट, घराघरांत पाहुणे, आणि रात्री दहा-साडेदहाला वर गेलेला पडदा पहाटे खाली. कथानकात नवीन काय असतं? बहुतेक वेळा काही नाही. दारुडा बाप, सावत्र आई, पोलीस झालेला मुलगा. पहिल्या अंकातच शेवट कळतो. एकदा शेजारी बसलेल्या म्हाताऱ्याला मी तसं म्हणालो. तो म्हणाला, “कहानी तं सप्पाच मालूम आहे बापा. थो रडते कसा, थे पाहाचं.”

कादंबरी वाचून सिनेमाला गेलेला माणूस नेमका हाच असतो. काय होणार हे त्याला ठाऊक आहे, कसं होणार एवढ्यासाठी तो तिकीट काढतो. झाडीपट्टीचे कलावंत त्याच्याशी झटापट करत नाहीत. सगळ्यांना माहीत असलेल्या जागेवर ते येतात आणि तिथे चक्क थांबतात, ऑर्गनवाल्याकडे बघतात, त्याला एक सूर धरू देतात, आणि मग रडतात. कुरखेड्याकडचे परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली, ती असल्या थांबण्यांत घालवलेल्या आयुष्यासाठी, असं मी मानतो. शहरातून येणारे दिग्दर्शक याला भडक म्हणतात. असेल. पण ओळखीची जागा आली की घाबरून तिच्यावरून धावत जाणाऱ्या सिनेमापेक्षा हे बरं.

ओळखीच्या जागेला न घाबरलेल्या सिनेमाचं उदाहरण म्हणजे ‘श्यामची आई’. साने गुरुजींचं पुस्तक महाराष्ट्राला जवळपास तोंडपाठ. श्याम पोहायला घाबरून लपतो, आई त्याला मारते, हे माहीत नसलेला एकही माणूस १९५३ साली थिएटरात नसावा. सिनेमा करणाऱ्या अत्र्यांनी आईच्या भूमिकेला घेतलं वनमालाबाईंना, म्हणजे ‘सिकंदर’मध्ये पृथ्वीराज कपूरसमोर उभी राहिलेली, साऱ्या देशाला माहीत असलेली देखणी नायिका. गरीब कोकणी घरातली, फाटक्या लुगड्यातली आई म्हणून! पुस्तकानं आईचा चेहरा दिलेला नव्हता, ज्यानं त्यानं आपल्या आईचा लावला होता. तिथे एखादा अनोळखी, साधा चेहरा बसवणं सोपं गेलं असतं. अत्र्यांनी असा चेहरा आणला की लोकांना आपल्या आईचा चेहरा बाजूला ठेवावाच लागला. त्या सिनेमाला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं ही नोंद सगळीकडे असते. चेहऱ्याच्या त्या जुगाराबद्दल कमी बोललं जातं. सुजय डहाके यांनी २०२३ साली तीच गोष्ट पुन्हा केली तेव्हा त्यांनी रंगच काढून टाकला. तोही एक ठाम निर्णय.

जब्बार पटेलांचाच ‘सिंहासन’, १९७९ चा. अरुण साधूंच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्या तेंडुलकरांनी एका पटकथेत आणल्या. इतकी माणसं, इतके धागे, आणि त्या सगळ्यांच्या मध्ये निळू फुलेंचा दिगू टिपणीस. तोवर निळूभाऊ पडद्यावर आले की बायकांनी पदर सावरायचा, अशी त्यांची ख्याती. तोच माणूस इथे फक्त बघत राहतो. शेवटी त्याचं ते हसणं. बस्स, एवढं बोलून थांबतो, कारण ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको.

‘उंबरठा’ शांता निसळांच्या ‘बेघर’वरून झाला हे आज किती जणांना आठवतं? तिथे सिनेमानं पुस्तकच झाकोळून टाकलं, आणि मला ते फारसं बरं वाटत नाही. ‘दुनियादारी’वर जुने वाचक रुसले, नव्या पोरांनी खुर्च्या भरल्या. त्यावर मला म्हणण्यासारखं काही नाही.

आमच्या जंगलाकडे परत येतो. २०१४ साली समृद्धी पोरे यांचा ‘डॉ. प्रकाश बाबा आमटे’ आला. भामरागड तालुक्यातलं हेमलकसा, १९७३ साली बाबा आमट्यांनी सुरू केलेला लोकबिरादरी प्रकल्प, तिथले माडिया, तिथली पाळलेली जंगली जनावरं. प्रकाशभाऊंची भूमिका केली नाना पाटेकरांनी. ज्या माणसानं शेरखानाला आवाज दिला त्यालाच बिबट्याशी खेळणाऱ्या, हळू बोलणाऱ्या, अर्ध्या चड्डीतल्या डॉक्टरची भूमिका करावी लागली, हा योग मला फार गमतीचा वाटतो. तो सिनेमा कादंबरीवरचा नाही, एका चालत्याबोलत्या आयुष्यावरचा आहे. पण त्याच हेमलकशात राहून विलास मनोहरांनी ‘एका नक्षलवाद्याचा जन्म’ ही कादंबरी लिहिली, आणि ती वाचताना मला पडद्याची सगळ्यात मोठी अडचण दिसते. माडिया माणूस मनात जो विचार करतो तो लेखक मराठीत लिहितो, आणि आपण तक्रार न करता वाचतो. भाषा बदलली आहे हे आपल्या लक्षातही येत नाही. पडद्यावर तोच माणूस बोलायला लागला की लपायला जागा नाही. त्यानं शुद्ध मराठी बोलावं तर तो पुण्याचा होतो. मोडकं मराठी बोलावं तर तो मूर्ख दिसतो, आणि हा अपमान आपल्या सिनेमांनी आदिवासींचा वर्षानुवर्षं केलेला आहे. उरतं ते एकच: त्यानं माडियाच बोलावं आणि आपण खाली अक्षरं वाचावीत. तिकीटखिडकीला हे परवडत नाही म्हणतात. परवडलं नाही तरी या बाबतीत मधला मार्ग नाही असं माझं मत आहे. ‘जैत रे जैत’मधले ठाकर गाऊ शकले म्हणून सुटले, प्रत्येक जमातीला गायला लावता येणार नाही.

आणि मग ज्यांना भाषाच नाही त्यांचं काय? व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’चा सिनेमा अमोल पालेकरांनी १९९५ साली केला. ती कादंबरी १९५५ ची, ज्या वर्षी ताडोबा राष्ट्रीय उद्यान झालं त्याच वर्षीची. माणदेशातल्या त्या उजाड माळावर माणसं थोडं बोलतात, पण बोलतात. पुढे माडगूळकर आमच्या बाजूला येऊन राहिले, नागझिऱ्याच्या जंगलात, आणि त्यांनी ‘सत्तांतर’ लिहिलं. वानरांच्या टोळीतली सत्तेची लढाई. १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार त्याला मिळाला. त्यातली वानरं किपलिंगच्या जनावरांसारखी गप्पा मारत नाहीत. ती वानरंच राहतात, मारतात, मरतात, पिल्लांना पोटाशी धरतात. अख्ख्या पुस्तकात बोलणारा एकच, निवेदक.

याचा सिनेमा करायचा तर काय करणार? निवेदन वापरलं तर तो टीव्हीवरचा प्राण्यांचा माहितीपट होईल. वानरांना बोलायला लावलं तर डिस्ने होईल, आणि माडगूळकरांच्या वानरांना गाणी शोभणार नाहीत. संगणकावर केलं तर जंगल पुन्हा हिरवं करून ठेवतील. मी मित्रांशी यावर पुष्कळ वाद घातलाय. माझं म्हणणं, एप्रिलच्या उघड्या सागाच्या रानात खऱ्या टोळीमागे दोन वर्षं कॅमेरा घेऊन बसावं, एक शब्द वापरू नये, फक्त खाकरणं आणि पानांचा आवाज. मित्रांचं म्हणणं, ते बघायला कोण येणार? एक जण तर म्हणाला, वडशाच्या एखाद्या कंपनीला द्या, ते हंगामाच्या आत बसवून दाखवतील: शेपट्या लावलेली माणसं, दोन अंक, ऑर्गन, आणि मध्ये एक लावणी.

लावणी कुठे घालणार, असं मी विचारलं. म्हणाला, जुना नायक मेल्यावर, नवा गादीवर बसतो तिथे. जागा तशी वाईट नाही.